सगळ्यांच्या कडेवर जाणारं मूल

पुण्यात वाढदिवस, आईवडिलांचं वर्षश्राद्ध, लग्नाची पंचविशी असं काही निमित्त निघालं की बरीच घरं एखाद्या बालसंस्थेत जेवण देतात. श्रीखंड-पुरी, केक, खाऊचे पुडे. परत येताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, "किती लाघवी पोरं आहेत गं! ती पिवळ्या फ्रॉकातली तर ओळख ना पाळख, आल्या आल्या माझ्या कडेवरच चढली. सोडायला तयार नव्हती."

हे मीही म्हटलेलं आहे. पुढे काही वर्षं दर शनिवारी पुण्यातल्याच एका शिशुगृहात मदतीला जायला लागले, तेव्हा तिथल्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला बसवून विचारलं, "घरातलं अडीच वर्षांचं मूल अनोळखी माणूस आला की काय करतं?" मी म्हटलं, आईच्या मागे लपतं. त्या म्हणाल्या, "आमची मुलं लपत नाहीत. कुणाच्या मागे लपायचं तेच त्यांना माहीत नसतं."

या एका वाक्याने माझी समजूत उलटीपालटी झाली. लहान वयात मोठा धक्का बसलेल्या मुलांना संस्थेत नेमकं काय लागतं आणि आपण बाहेरची माणसं त्यात मदत करतो की अडथळा आणतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

बातमी संपते तिथून पुढे

जिन्यात, रिक्षात, कचराकुंडीजवळ बाळ सापडल्याची बातमी आपण वाचतो. पोलिसांनी बाळ ताब्यात घेतलं, दवाखान्यात तपासणी झाली, प्रकृती स्थिर आहे, शिशुगृहात रवानगी. बातमी तिथे संपते आणि आपण पान उलटतो.

कायद्याने पुढे काय होतं? २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि मूल कुठे राहील हे ती ठरवते. सहा वर्षांपर्यंतची दत्तक देण्याजोगी मुलं विशेष दत्तक संस्थेत जातात. बोलीभाषेत आपण त्यालाच शिशुगृह म्हणतो. मग आईवडिलांचा शोध सुरू होतो. टाकून दिलेलं किंवा अनाथ मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तक देण्यास मोकळं आहे की नाही, हे जाहीर करायचं असतं. नंतर देशभरातली प्रतीक्षायादी, पालकांची निवड. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

पण शिशुगृहातली सगळीच मुलं टाकून दिलेली नसतात. कुणाची आई तुरुंगात, कुणाची मनोरुग्णालयात, कुणाला घरात मारहाण होत होती म्हणून काढून आणलेलं. एखाद्याचा बाप वर्षातून एकदा येऊन "नेतो, नेतो" म्हणतो आणि नेत नाही. कागदावरचे महिने अशा मुलांच्या बाबतीत वर्षांवर जातात. आणि ज्या वयात एक वर्ष म्हणजे निम्मं आयुष्य असतं, त्या वयात ते जातात.

आघात आणि लळा

दोन शब्द आधी पक्के करून घेऊ. आघात म्हणजे मुलाला न पेलणारा असा धक्का, जो बसला तेव्हा सावरायला जवळ कुणी नव्हतं. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. पडणं, भाजणं, आजारपण सगळ्याच मुलांच्या वाट्याला येतं. रात्री ताप चढला आणि आईने मांडीवर घेऊन पट्ट्या ठेवल्या, तर तो ताप आघात होत नाही. उलट भूक लागली, रडलो, खूप रडलो आणि कुणीच आलं नाही, असं दिवसच्या दिवस झालं तर कुणी हातही न लावता आघात होतो. उपेक्षा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिला आपण कमी लेखतो.

दुसरा शब्द लळा. मानसशास्त्राने यावर ग्रंथ लिहिलेत, पण मराठीत आजीच्या तोंडचा शब्द तयारच आहे. लळा लागतो तो हाकेला ओ मिळून. बाळ कुं कुं करतं, कुणीतरी "काय रे सोन्या" म्हणतं. बाळ पंख्याकडे बघतं, आई म्हणते "फिरतोय ना पंखा?" दिवसातून शेकडो वेळा ही हाक-ओ चालते आणि त्यावरच मेंदूची जोडणी होत जाते. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात. वापरात येतात त्या टिकतात, बाकीच्या गळून पडतात.

ओ मिळालीच नाही तर? एखादी खोली भरून बाळं असतात आणि आवाज नसतो. पाहुणे म्हणतात, किती शांत बाळं! रडून काही होत नाही हे कळलेलं बाळ रडणं सोडून देतं. अशा शांत खोलीत मी एकदाच गेले आहे, दुसऱ्या गावी. दहा मिनिटांत बाहेर आले.

"इतक्या लहानपणचं कुठे आठवतं?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. दीड वर्षाचं असताना काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. पण सांगता येणं वेगळं आणि अंगात राहणं वेगळं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तो पूर पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्यांच्यातल्या काहींना झोप लागत नाही. त्यांना निदान कशाची भीती वाटते ते सांगता तरी येतं. तान्ह्या बाळाजवळ शब्दच नसतात, त्यामुळे भीती राहते आणि तिची गोष्ट राहत नाही.

शरीरात धोक्याची घंटा असते. धोका दिसला की कॉर्टिसोलसारखी रसायनं सुटतात, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. धोका टळला की घंटा बंद. लहान बाळाला ती स्वतःची स्वतः बंद करता येत नाही. कडेवर घेऊन थोपटणारं मोठं माणूस ती बंद करतं. असं हजारदा झाल्यावर मूल ते हळूहळू स्वतः शिकतं. जिथे बंद करणारं कुणी नव्हतं तिथे ती घंटा सोसायटीच्या पार्किंगमधल्या त्या एका गाडीसारखी होते. शेजारून मांजर गेलं तरी सायरन. कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली जाणारं मूल, केस विंचरायला मागून हात लावला की चावणारं मूल यांच्या अंगात हा सायरन वाजत असतो. त्या वेळी "असं करू नये बाळ" हे त्याच्या कानात शिरतच नाही. आधी घंटा बंद व्हायला हवी, समजावणं नंतर.

आमच्या शिशुगृहात साडेतीन-चार वर्षांचा एक मुलगा होता. रोज रात्री त्याच्या उशीखाली अर्धी पोळी सापडायची. नव्या आलेल्या एका बाईंनी त्याला "चोरतोस का?" म्हणून रागावलं, तर पोळी उशीखालून निघून चड्डीच्या खिशात गेली. मग जुन्या मावशींनी एक साधी गोष्ट केली. स्टीलचा एक डबा घेतला, त्यात शेंगदाण्याचे दोन लाडू आणि चार बिस्किटं घातली, आणि डबा त्याच्या कॉटच्या कोपऱ्याला ठेवला. "हा तुझा. रात्री भूक लागली तर खा. सकाळी मी परत भरणार." पहिले काही दिवस डबा रोज रिकामा. मग अर्धा. पुढे तो झोपताना नुसतं झाकण उघडून आत बघायचा, लावायचा आणि झोपायचा. सुमारे दोन महिन्यांनी बघणंही थांबलं. मावशी डबा भरतच राहिल्या.

दोन वेळचं जेवण आणि स्वच्छ कपडे पुरत नाहीत का?

हा प्रश्न जगाने फार महाग पडून सोडवला आहे. १९४५ मध्ये रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना मांडली. एक स्वच्छ, औषधपाण्याची सोय असलेला अनाथालयाचा दवाखाना, जिथे एकेका परिचारिकेकडे कितीतरी बाळं. दुसरं एका तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापली बाळं सांभाळत. तुरुंगातली मुलं वाढली, बागडली. स्वच्छ दवाखान्यातली खंगत गेली आणि दोन वर्षांत त्यांतली एक-तृतीयांशाहून अधिक दगावली.

पुढची मोठी साक्ष रुमानियाची. १९८९ च्या डिसेंबरमध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या सरकारी अनाथालयांतली हजारो मुलं जगाला दिसली. २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीला मुलं सहा महिने ते अडीच वर्षांच्या आसपासची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबात गेली, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात. निम्मी होती तिथेच राहिली. मुलांवर असा प्रयोग करावा का, यावर पुष्कळ वाद झाला. तेव्हा त्या शहरात प्रतिपालक कुटुंबं जवळजवळ नव्हतीच आणि कुणाला घरी जायची संधी आली तर अडवायचं नाही, हे ठरलेलं होतं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, लळा लागण्याची क्षमता सगळंच सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. तरीही जुनं सगळंच भरून निघालं नाही.

पुण्याला ही जाणीव अगदी नवी नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आधी जीव वाचवायचा, हे पहिलं काम. पण १८७४ मध्ये तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी स्वतःच्या घरात घेतलं, त्याचे आईबाप झाले. गृह वाचवतं, पण मुलाला घर लागतं, हे त्या दोघांनी आपल्या वागण्यातून दाखवलं.

मावशींचा हिशेब

आता संस्थेच्या आत बघू. तीन पाळ्या धरा, प्रत्येक पाळीला दोन मावश्या. त्यात साप्ताहिक सुट्ट्या, बदली बायका, गावाला गेलेल्या, पगार परवडत नाही म्हणून सोडून गेलेल्या. महिन्याभरात एका बाळाला भरवणारे, धुणारे, झोपवणारे दहा-बारा हात सहज होतात. त्यांतली प्रत्येक बाई मायाळू असेल, पण बाळाच्या दृष्टीने दर वेळी ओ देणारा आवाज वेगळा. भाषा शिकताना रोज नवे मास्तर यावेत आणि प्रत्येकाने वेगळ्याच भाषेतलं पहिलं पान शिकवावं, तसं काहीसं.

म्हणून चांगल्या संस्था एक साधी गोष्ट करतात: मूल नेमून देतात. पाच-सहा मुलांचा एक गट, त्यांच्या ठरलेल्या दोन मावश्या. आंघोळ, जेवण, दवाखाना, रात्रीची गोष्ट, शक्य तितकं त्याच हातून. बुडापेस्टमध्ये एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये एक शिशुगृह सुरू केलं, तिथे याचं शास्त्रच झालं. लंगोट बदलणं म्हणजे उरकायचं काम नव्हे, मुलाला आपलं पूर्ण लक्ष द्यायची ती वेळ आहे, असं त्या परिचारिकांना शिकवत.

आमच्या मावशींनी पिक्लरचं नाव ऐकलं असणं शक्य नाही. पण त्यांचं आंघोळ घालणं बघण्यासारखं होतं. पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळ पायांवर आडवं. तेलाचा हात पुढे करायच्या आणि थांबायच्या. "आता कुठला हात?" बाळ बघत राहायचं. "हा का? द्या बरं." आणि हात मिळेपर्यंत ओढायच्या नाहीत. सात-आठ महिन्यांची बाळंसुद्धा काही आठवड्यांत विचारल्यावर हात पुढे करायची. ज्याच्या अंगाशी आजवर कुणी न विचारता काहीही केलं, त्या मुलाला "तुझं अंग तुझं आहे" हे यापेक्षा नीट सांगता येईल असं मला वाटत नाही. समुपदेशकाच्या खोलीतला आठवड्याचा एक तास लागतोच, खेळातून उपचार करणाऱ्या ताई लागतातच. पण उरलेले तास मावशींचे असतात, आणि त्यांचा पगार, त्यांचं प्रशिक्षण, त्यांचं टिकणं याची चर्चा मी एकाही देणगीदाराच्या तोंडून ऐकलेली नाही.

आणि ती पिवळ्या फ्रॉकातली मुलगी. आल्या-गेल्याच्या कडेवर चढणारी अशीच एक आमच्याकडे होती. नेमून दिलेल्या मावशी आल्याला सात-आठ महिने झाले असतील. एका शनिवारी गॅस सिलिंडरवाला आला आणि ही धावत जाऊन मावशींच्या पदराआड लपली. स्वयंपाकघरात ही बातमी पेढे वाटल्यासारखी फिरली.

"मग संस्थाच बंद करा ना!"

तीन वर्षांखालच्या मुलांना शक्यतो कुटुंबातच ठेवावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. माझंही मत तेच आहे. आपल्याकडे प्रतिपालकत्वाची तरतूद कायद्यात आहे, पण तशी कुटुंबं फार थोडी पुढे येतात. मूल मुळात घरातून निघूच नये म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये; केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळू शकतं. एकट्या आईला, आजीला, मामाला ही रक्कम वेळेवर मिळाली तर काही मुलं संस्थेत यावीच लागणार नाहीत. मूल सांभाळणं खरोखर अशक्य असेल तर समितीपुढे जाऊन ते स्वाधीन करता येतं आणि आईवडिलांना दोन महिने फेरविचाराला मिळतात. हे कळलं असतं तर काही बाळं जिन्यात सापडली नसती.

तरीही आज रात्री अकरा वाजता पोलिस एक भेदरलेलं मूल घेऊन येतील, त्याला दार उघडणारी जागा लागणारच. तीन भावंडं एकत्र ठेवायला, हृदयाला भोक असलेल्या बाळाचं ऑपरेशन होईपर्यंत सांभाळायला लागणारच. ती जागा लहान असावी, थोडक्या काळासाठी असावी, आणि असेल तोवर शक्य तितकी घरासारखी असावी.

"लळा लावायचा आणि मग तोडायचा?"

हा मला सर्वांत कठीण वाटलेला आक्षेप. मूल दत्तक जाणारच आहे, मग मावशींचा लळा लावून दुहेरी दुःख कशाला? काही संस्थांत तर पाळ्या मुद्दाम फिरत्या ठेवत, मूल कुणा एकीला चिकटू नये म्हणून.

पण लळा ही साठवून ठेवायची शिल्लक नाही, ती सवय आहे. ज्याला एकदा सायकल आली त्याला दुसरी सायकलही चालवता येते. मावशींना बिलगलेलं मूल नव्या आईला बिलगायला शिकतं. कुणालाच न बिलगलेल्या मुलाला पहिला धडा नव्या घरात घ्यावा लागतो, तोही अनोळखी भिंतींत. रडणं होतं. ते व्हायलाच हवं, आणि ते नीट होऊ द्यायला हवं. आमच्याकडे नवे आईबाबा आधी काही दिवस येत, मावशींच्या शेजारी बसून भरवत, आंघोळ बघत. तोच दुपटा न धुता बरोबर जाई, वासासाठी. एक फोटोंची वही जाई: ही तुझी कॉट, या तुझ्या मावशी, हा तुझा पहिला दात. निरोपाच्या दिवशी मावशी स्वतः मूल आईच्या हातात देत, आणि मग त्यांना दुसऱ्या दिवशीची सुट्टी असे. ती पगारी असे, हे महत्त्वाचं.

"रक्तच तसं असेल तर?" असंही दत्तक घेणाऱ्यांच्या नातेवाइकांत कुजबुजतात. नव्या घरी गेलेलं मूल खाणं लपवतं, खोटं बोलतं, आईला मारतं, रात्री किंचाळून उठतं, तेव्हा तो त्याच्या मागच्या दिवसांचा हिशेब असतो. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांच्या आत गेलेली बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढली; अडचणी जास्त करून उशिरा गेलेल्यांत राहिल्या. रक्ताचा दोष असता तर तो महिने मोजत बसला नसता. अशा घरांना मदत लागते, टोमणे लागत नाहीत.

मग आपण काय करायचं?

अडचणीतलं मूल दिसलं तर १०९८ हा क्रमांक. सापडलेलं बाळ "आपणच वाढवू" म्हणून घरी नेऊ नये. कायद्याने ते चालत नाही आणि मुलाची ओळख, आईचा शोध दोन्ही हरवतात.

वाढदिवस करायचा असेल तर करा, पण संस्थेला आधी फोन करून विचारा: सध्या कमी काय आहे? मुलांना उचलून फोटो काढू नका. त्यांचे चेहरे प्रसिद्ध करायला कायद्याची बंदी आहे. तासाभरासाठी येऊन, मांडीवर घेऊन, "परत येईन हं" म्हणून न येणारी माणसं या मुलांना भरपूर मिळालेली आहेत. केकऐवजी एका मावशींच्या वर्षभराच्या पगारातला वाटा द्या. त्यांच्या प्रशिक्षणाचा, रात्रपाळीच्या रिक्षाचा खर्च द्या. विचारा, तुमच्याकडे मावश्या किती वर्षं टिकतात? एका मुलाला महिन्यात किती हात लागतात? ज्या संस्थेत या प्रश्नाने कपाळाला आठी पडत नाही, तिथे पैसे द्या.

आणि वेळ द्यायचा असेल तर मला दिलं होतं तसं काम मागा. पहिल्या शनिवारी मी मुलांना गोष्टी सांगायला म्हणून पुस्तकं घेऊन गेले होते. ताई म्हणाल्या, "मुलांना मावशी आहेत. तुम्ही मागच्या खोलीत लंगोटांच्या घड्या घाला." जरा खट्टू होऊन बसले. दोन ढीग होते, साधारण पाऊण तासाचं काम. एरवी ते मावशी करत. त्या दिवशी तो पाऊण तास त्या खालच्या पायरीवर बसून एका बाळाला वरण-भात भरवत होत्या. प्रत्येक घासाला थांबत होत्या, ते तोंड उघडेपर्यंत.